सूनबाईच्या बुटांच्या पट्ट्या

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ही म्हणाली, दिवसभर माझ्या मागे फिरून डोकं खाण्यापेक्षा कुठेतरी लिहून ठेवा. म्हणून लिहितो आहे. ही म्हणजे आमची बायको. सुतारकामाची शेड भाड्याने दिल्यापासून मी घरात असतो, आणि ते तिला सोसवत नाही. जन्मभर लोकांची दारं-खिडक्या बसवली. आता आमच्या घरातलं एकही दार कुरकुरत नाही, सगळे ड्रॉवर लोण्यासारखे सरकतात, आणि मला करायला काही उरलेलं नाही.

आज मात्र काम आलं. सूनबाईची सायकल गॅलरीतून खाली उतरली. गेल्या वर्षी सूनबाई ऑफिसच्या जिन्यावरून घसरली, उजव्या पायाचं नडगीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. तेव्हापासून सायकल भिंतीला टेकून होती आणि ही तिच्यावर टॉवेल वाळत घालायची. त्याआधी सूनबाई दर रविवारी सायकलवाल्यांच्या टोळीबरोबर लांब लांब जायची, आणि परत आली की अंघोळ करताना गाणं म्हणायची. आवाज काही फार चांगला नाही. पण गेलं वर्षभर बाथरूममधून नुसता पाण्याचा आवाज येतो, आणि ते माझ्या जिवाला लागतं.

डॉक्टर म्हणाले, हाड उत्तम जुळलं, आता खुशाल सायकल चालवा. पाऊल किंचित बाहेर वळलेलं राहील, पण बघणाऱ्याला कळणारही नाही. खरंच, मला तर काही कळत नाही.

जेवताना सूनबाईने सांगितलं की ऑफिसातला एक जण सायकल विकत मागतोय. तिने त्याला म्हटलंय, तेवीस मार्चला आमची टोळी धरणापर्यंत जाऊन येणार आहे. गुडघा न दुखता तेवढं झालं तर सायकल माझी, नाही तर तुमची. हे तिने इतक्या सहज सांगितलं, जणू भाजी वाढा म्हणतेय.

चिरंजीव नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असतात आणि प्रेम कुरिअरने पाठवतात. त्यांनी नवे बूट आणि नवी पेडलं पाठवली आहेत, कारण जुने बूट त्या पायाला घट्ट होतात. या बुटांच्या तळाला एक तिकोनी पट्टी तीन स्क्रूंनी बसवायची असते. क्लीट म्हणतात तिला. पेडलवर पाय दाबला की पट्टी खट्कन अडकते आणि पाय घसरत नाही. टाच बाहेर झटकली की सुटते. पट्टी कुठे बसली, कुठल्या कोनात बसली, यावर पावलापासून गुडघ्यापर्यंतचं सुखदुःख अवलंबून.

सायकलच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, बसवून देतो, पण मॅडमना घेऊन या. म्हटलं, बूट आणतो ना, मॅडम कशाला? मी दारं बसवताना घरमालकाला उभं करत नव्हतो. फोन ठेवला आणि ठरवलं, आपणच बसवायच्या. सूनबाई म्हणाली, बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता? मी म्हटलं, माझे हात शिवशिवतायत. मग बरं म्हणाली. या पोरीला नाही म्हणायची सवयच नाही. फार गुणी.

ही म्हणते, लग्नाला तीन वर्षं होत आली, पोरीने एकदाही आमटीत मीठ कमी आहे म्हटलेलं नाही, मला हे काही बरं वाटत नाही. हिला कौतुकातही खोट दिसते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बुटांबरोबर आलेल्या कागदावर लिहिलंय की अंगठ्याच्या मुळाशी एक हाड पुढे येतं आणि करंगळीच्या मुळाशी दुसरं. पेडलचा दांडा या दोन्हींच्या मधोमध आला पाहिजे. म्हणजे आधी पायावर ती हाडं चाचपायची, मग बुटावर खूण करायची.

बूट घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो. सूनबाई स्टुलावर पाय ठेवून व्यायाम करत होती. मला बघून चटकन पाय खाली घेतले आणि उभी राहिली. काही हवंय का बाबा? म्हटलं, काही नाही, पेन्सिल शोधतोय. पेन्सिल माझ्या कानावर होती.

आता सुनेला पाय पुढे कर म्हणणार कसं? तिला अवघडल्यासारखं होईल, मला तर होईलच. मी जन्मात कुणा मोठ्या बाईचा पाय हातात घेतलेला नाही, हिचासुद्धा नाही. एकदा हिच्या पायात काच गेली तेव्हा मी लांबूनच चिमटा पुढे केला होता. ते ही अजून काढते.

मग डोकं चालवलं. तिच्या जुन्या बुटांतले आतले तळ काढले. त्यांवर बोटांचे, टाचेचे ठसे छान उमटले होते. त्यांवरून माप घेतलं, टाचेच्या मध्यापासून सरळ रेघ मारली, काटकोन बघायचा गुण्या लावला आणि पट्ट्या रेघेला अगदी समांतर बसवल्या. पट्टीभोवती पेन्सिलची बारीक रेघ ओढून ठेवली, चुकून हलली तर कळावं म्हणून. दोन्ही बूट शेजारी ठेवले तर जुळी भावंडं. केसाचाही फरक नाही.

ही डोकावून म्हणाली, बूट कसले बघता, पोरीचा पाय बघा. म्हटलं, तुला यातलं काय कळतं?

रविवार, ९ फेब्रुवारी

आज पहिली फेरी. सगळी गल्ली बघायला. समोरचे निवृत्त मास्तर चहाचा कप घेऊनच आले. मी बूट बाकावर मांडून ठेवले होते, त्यांना उलटे करून दाखवले, गुण्याचं सांगितलं. ते वा वा म्हणाले. सूनबाईने भिंतीला हात टेकून खट् केलं, दुसऱ्यांदा खट् केलं आणि निघाली. ही उगाचच डोळे पुसत आत गेली.

तासाभराने आली. कसं वाटलं? तर म्हणाली, छान आहे बाबा, एकदम सरळ. मला मूठभर मांस चढलं. जिना मात्र एकेक पायरी थांबून चढली, कठड्याला धरून. एकदा घसरली आहे ना, आता जपून असते. दुपारी तिने फ्रिजमधली बर्फाची पिशवी नेली. ऊन डोक्यात गेलं असेल. तिला टोपी आणायला हवी.

बुधवार, १२ फेब्रुवारी

टोपी आणली. पांढरी. डोक्यावर हेल्मेट असतं, त्यात टोपी कशी घालायची, असं ही म्हणाली. सूनबाई म्हणाली, घालते ना बाबा, चालते. आणि खरंच घालून गेली. हेल्मेट डोक्यावर नारळासारखं टेकवलेलं.

बूट पुसताना एक दिसलं. स्क्रूंच्या डोक्यांवर चरे पडलेत. पट्ट्या रेघेवरच आहेत, पण एका बाजूची रेघ फिकट झाली आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

लिहायलाच हवं असा दिवस. सूनबाई आज टोळीबरोबर टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन आली. जिना भराभर चढली. अंघोळीला गेली आणि आतून गाणं. सूर नेहमीसारखाच घसरलेला. मी पेपर तोंडासमोर धरून ऐकत बसलो. ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

जेवताना म्हणाली, आज गुडघ्याने अजिबात त्रास दिला नाही. मी म्हटलं, पट्ट्या मुरल्या. नव्या दाराचंही असंच असतं, आठवडाभर लागतो. सूनबाई हो म्हणाली. हिला ठसका लागला.

संध्याकाळी बूट बघितले. पट्ट्या रेघेवर बरोब्बर, पण स्क्रूंवर नवे चरे, आणि एक स्क्रू मी घट्ट करतो त्याहून अर्धा आटा सैल. रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल होत असणार. घट्ट करायला एलन की, म्हणजे या स्क्रूंची षटकोनी किल्ली, शोधली तर खोक्यात नाही. हिच्या शिवणाच्या डब्यात सापडली. ही काहीही कुठेही ठेवते. विचारलं तर म्हणाली, बटण लावत होते. एलन कीने बटण लावणारी बाई मी प्रथमच पाहिली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आठवडाभर तेच. रोज सकाळी स्क्रू घट्ट करावे, संध्याकाळी बघावं तर कुणी कुरतडल्यासारखे. एखाद्या उतारावर पट्टी निखळली म्हणजे? एकदा पडलेली पोर आहे.

हार्डवेअरवाल्याकडे स्क्रू पक्के करायचं औषध मिळतं. थेंबभर आट्यांवर घातलं की सुकून दगड होतं. निळं आणि लाल अशी दोन होती. निळं म्हणजे पुन्हा खोलता येतं. लाल म्हणजे कायमचं. मी उभ्या आयुष्यात कच्चं काम केलेलं नाही. लाल आणलं.

दुपारी दोघी बाजारात गेल्या तेव्हा काम उरकलं. सहाही स्क्रू काढले, औषध घातलं, रेघेवर पट्ट्या धरल्या आणि अंगातला सगळा जोर लावून आवळले. मुद्दामच कुणाला सांगितलं नाही. उद्या तिला आपोआपच फरक कळेल.

रविवार, २३ फेब्रुवारी

सूनबाई सकाळी खाली पायरीवर बराच वेळ बसून होती. खिडकीतून दिसत होती. मांडीवर बूट उलटा, आणि ती काहीतरी जोर लावून बघत होती. मग हात झटकले, पुन्हा जोर लावला. मी वरून विचारलं, पक्कं झालंय ना? तिने वर पाहिलं. मग म्हणाली, हो बाबा, एकदम पक्कं.

टोळी पुढे गेली होती. तीही गेली.

दुपार टळली तरी पत्ता नाही. माझा जीव टांगणीला. गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो, तर लांबून सायकल हाताने ढकलत येताना दिसली. लंगडत. मी धावलो. म्हणाली, काही नाही बाबा, टायर पंक्चर झाला. मी दोन्ही टायर दाबून बघितले. दगडासारखे टणक.

उजवा गुडघा सुजलाय. ही माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवलं तेही आवाज करून. मी काय केलं?

बुधवार, २६ फेब्रुवारी

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आठवडाभर सायकल बंद सांगितली. त्या म्हणाल्या, गुडघा पिळवटला गेलाय, कशाने ते शोधा. सूनबाईने घरी येऊन ऑफिसातल्या त्या माणसाला फोन केला आणि म्हणाली, शनिवारी या, सायकल घेऊन जा.

तेवीस तारखेची वाटसुद्धा बघितली नाही. मी म्हटलं, अगं, इतक्यात काय हरलीस? तर हसून म्हणाली, जाऊ दे ना बाबा, नाही तरी वेळ कुठे असतो. आणि खोलीत गेली. दार अगदी हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी हिला म्हटलं, डॉक्टरने पाय नीट जोडलेला दिसत नाही, त्याच्याकडे जाऊन जाब विचारतो. तेव्हा हिचा बांध फुटला. ही कणीक मळत होती, त्याच हातांनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ती रोज गल्लीच्या टोकाला थांबून तुमची उजवी पट्टी फिरवून घ्यायची," ही म्हणाली. "आणि परत येताना तिथेच बसून तुमच्या रेघेवर आणून ठेवायची. किल्ली मी द्यायचे. मला शपथ घातली होती तिने."

मी म्हटलं, मला सरळ सांगायला काय झालं होतं? मी काय वाघ आहे?

"तुम्ही रागवाल म्हणून नव्हतं ते. तुमचा चेहरा पडेल म्हणून. मास्तरांना बूट उलटे करून दाखवत होता तेव्हा बघितलं असतंत स्वतःला. वर्षभर तुम्ही तिला हाताला धरून जिना चढवलात, उतरवलात. ती विसरलेली नाही."

त्यात काय एवढं? जिना आमच्याच घराचा आहे.

राग आला. कुणाचा ते ठरेना. आधी दोघींचा आला, मला खुळ्यात काढलं म्हणून. शेडकडे चालत गेलो. भाडेकरू चहा घ्या म्हणाला, घेतला नाही. तिथे त्याची दारं रांगेने उभी होती. बघत राहिलो. दार बसवायला गेलं की आपण आधी चौकट मोजतो. जुन्या घरांत चौकट कलंडलेली असते, भिंत खचलेली असते, तर दार त्या कलाने तासतो. गुण्याने काटकोनात केलेलं दार तिथे लागतच नाही, घासतं. हे मी किती पोरांना शिकवलं असेल. आणि इथे चौकट न बघताच दार ठोकून बसवलं, वर लाल औषध घातलं. जुन्या बुटातला ठसा मोडायच्या आधीच्या पायाचा होता, हेही डोक्यात आलं नाही. डॉक्टर तर सांगून मोकळा झाला होता.

घरी आलो तेव्हा ही म्हणाली, जेवून घ्या. जेवलो. आमटीत मीठ जास्त पडलं होतं. मूग गिळून बसलो.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सूनबाई ऑफिसात गेल्यावर पट्ट्या काढायला बसलो. लाल म्हणजे खरोखरच कायमचं. एलन कीला पाइप अडकवून जोर लावला तर किल्ली वाकली. डाग द्यायचं सोल्डरिंग मशीन तापवून स्क्रूंच्या डोक्यांवर धरलं, औषध मऊ झालं तेव्हा चार सुटले. पाचवा अर्ध्यावर तुटला. सहाव्याचं डोकं गुळगुळीत झालं, दोन्ही ड्रिलने पोखरून काढले. पट्ट्या वितळून गेल्या. दुपारभर स्वतःच्याच कामाला शिव्या घातल्या. काम मात्र पक्कं होतं, एवढं खरं.

सायकलच्या दुकानात जाऊन नव्या पट्ट्या आणल्या. दुकानदाराने विचारलं, मॅडमना आणलं नाही? म्हटलं, मीच जाणार आहे मॅडमकडे. त्याला काही कळलं नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

संध्याकाळी सूनबाई ऑफिसातून आली, चहा झाला. मी तिला जेवणाच्या टेबलावर बसायला सांगितलं, पाय मोकळे लोंबतील असं. ती म्हणाली, टेबलावर कशी बसू? हीच म्हणाली, बस गं, मी पुसून घेईन. ती बसली. मी समोर बुटका पाट घेऊन बसलो आणि म्हटलं, "पाय दे."

तिने पाय मागेच घेतले. "अहो नको बाबा. तुम्ही माझ्या पायाला... नको."

मी म्हटलं, "मी चौकट न बघता दार लावलं, पोरी. आता बघू दे."

ती हिच्याकडे बघायला लागली. तिला कळलं की मला कळलंय. मान खाली घातली. मग उजवा पाय पुढे केला, तोही अगदी एवढासा, जणू दाराच्या फटीतून.

घेतला हातात. माझ्या हाताला रंधा धरून धरून घट्टे पडलेत, तिला बोचत असतील. पाय थंडगार होता. नडगीवरचा व्रण मी इतक्या जवळून आधी पाहिलाच नव्हता, चांगला लांब आहे. अंगठ्याच्या मुळाशी हाड चाचपलं, करंगळीच्या मुळाशी चाचपलं, मोज्यावर पेन्सिलने दोन ठिपके केले. मग दोन्ही पाय सोडून लोंबू दिले. डावा सरळ समोर बघत होता. उजवा बाहेर वळलेला, खिडकीकडे. हाताने सरळ केला, सोडला, पुन्हा खिडकीकडे. तीन आठवडे मी त्या पायाला त्याची जागा सोडायला लावत होतो.

वर बघितलं, तर डोळ्यांतून पाणी. दुखलं का, विचारलं. नाही म्हणाली. मग काय झालं? काही नाही बाबा. व्रणावर अंगठा पडला असणार माझा. हळू धरायला हवं होतं.

बूट चढवून ठिपक्यांच्या जागी तळावर खूण केली. डाव्याची पट्टी सरळ बसवली. उजवं पाऊल बाहेर वळलेलं, म्हणून उजव्याची पट्टीही बाहेर वळवली आणि स्क्रू आवळायला लागलो. सूनबाईने खाकरून घसा साफ केला. मी आवळतोय. पुन्हा खाकरली.

"बाबा," ती म्हणाली, "चुकलं. पाय बाहेर वळवायचा तर पट्टीचं टोक आत घ्यावं लागतं. अंगठ्याकडे."

मी म्हटलं, असं कसं? तर म्हणाली, असंच. आणि माझ्या हातातून बूट काढून घेतला, पट्टी फिरवली, मी सायकलवरून काढून आणलेल्या पेडलमध्ये अडकवून दाखवली. बूट बरोब्बर खिडकीकडे. पेडल पट्टीला सरळ धरतं, मग वळायचं ते बुटाला. मला दोनदा समजावून सांगावं लागलं. सून प्रथमच मला तोंडावर चुकलं म्हणाली. आमची ही ओट्याकडे तोंड करून हसत होती, खांदे हलत होते.

शनिवार, १ मार्च

ऑफिसातला माणूस सायकल न्यायला आला. सूनबाईने त्याला चहा दिला आणि सांगितलं, तेवीस तारखेपर्यंत थांबावं लागेल, तुमचं आमचं ठरलं होतं ना? तो म्हणाला, पण तुम्हीच फोन केला होता. ती म्हणाली, हो, तेव्हा चुकलं. आजकाल तिला हा शब्द आवडायला लागलाय. तो बिचारा तेवीस तारखेला पुन्हा विचारतो म्हणून गेला.

शनिवार, ८ मार्च

सूज उतरली. गल्लीतल्या गल्लीत सुरुवात. आणि मला पळायला जागा नाही. एक चक्कर मारते की दारात हजर. बाबा, किंचित मागे घ्या. बाबा, फार मागे झालं. बाबा, डाव्याचीही थोडी बाहेर हवी, तो पण काही सरळ नाही वाटतं. मी उकिडवा बसून बसून कमरेतून गेलो. मास्तर कप घेऊन आले होते, त्यांनी विचारलं, गुण्या कुठाय? म्हटलं, पेटीत आहे, असू दे.

जेवताना सूनबाई म्हणाली, आई, आज आमटीत मीठ कमी आहे. ही उठून मीठ आणायला गेली ती लवकर येईचना. मी जाऊन बघितलं तर मिठाची बरणी हातात धरून नुसती उभी. हिला हल्ली काय होतं कळत नाही.

रविवार, १६ मार्च

टेकडी चढून आली. गुडघ्याने एकदा कुरकुर केली म्हणे, उतरून हात फिरवला, थांबली. मला ते आवडलेलं नाही. धरणाचा रस्ता याच्या दुप्पट, आणि शेवटचा चढ वाईट आहे. मी म्हटलं, अजून एकदा पट्टी फिरवून बघू का? म्हणाली, नाही बाबा, आता हात लावायचा नाही. बघा, सरळ नाही म्हणते. आणि हे ऐकून मला राग यायच्या ऐवजी हसू येतं, याला काय म्हणावं?

रविवार, २३ मार्च

उजाडायच्या आत गेली. मी खाली जाऊन पेडलला अडकलेले दोन्ही बूट बघितले. उजवा बाहेर बघत होता.

सकाळ कशी गेली ते लिहिण्यात अर्थ नाही. ही म्हणाली, येरझाऱ्या घालून फरशी झिजवाल. ऑफिसातल्या त्या माणसाचा फोन आला, मी उचलला आणि रागाने ठेवला. नंतर वाईट वाटलं, त्याची काय चूक? दुपारी सूनबाईचा फोन आला नाही. चिरंजीवांचा तीनदा आला, आली का, आली का. इतका जीव आहे तर ये की इथे.

ऊन कलताना गल्लीत घंटी वाजली. मी गॅलरीतून बघितलं. बसून आली होती. सायकलवर बसून. मला नीट दिसेना, म्हणून चष्मा पुसला, तर चष्मा स्वच्छ होता.

वर आली ती आरामखुर्चीत कोसळली. चेहरा काळवंडलेला, घामाने मिठाच्या रेघा उमटलेल्या. मी बूट सोडायला समोर पाट घेऊन बसलो. गुडघा चाचपला. गरम होता, पण सूज नाही. दुखतोय का? म्हणाली, दुखतोय, पण दोन्ही सारखेच दुखतायत, चढाने. आणि हसली. मी हुश्श केलं. म्हटलं, त्या माणसाला काय सांगायचं? ती म्हणाली, त्यांना म्हणावं दुसरी सायकल बघा.

बूट काढले, मोजे काढले. तेवढ्यात चिरंजीवांचा फोन आला आणि ती चढाचं सांगायला लागली. कुठे वारा लागला, कोण मागे राहिलं, धरणाच्या भिंतीवर बसून काय खाल्लं. बोलता बोलता तिने दोन्ही पाय उचलले आणि माझ्या मांडीवर ठेवले. तिच्या लक्षातही आलं नसावं. फार दमली होती.

फोन चांगला लांबला. ही दोनदा जेवायला हाक मारून गेली, दुसऱ्यांदा दारातूनच बघून परत गेली. माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या, कंबर धरली होती. पण उठलो असतो तर तिचे पाय खाली ठेवावे लागले असते. बसून राहिलो.